स्टार ट्रेक बघायला कुठून सुरुवात करावी?

प्रश्न असा आहे: स्टार ट्रेक या अमेरिकी विज्ञानकथा मालिकेबद्दल वर्षानुवर्षं ऐकलं होतं, शेवटी १९६६ सालचा अगदी पहिला भाग लावला, पण तीन-चार भागांतच दमछाक झाली. एवढ्या मालिका, एवढी पर्वं, मध्ये चित्रपट. हे सगळं क्रमानेच बघायला हवं का? विज्ञान कळावं लागतं का? आणि बारा वर्षांच्या मुलीला सोबत घेऊन बघता येईल का?

मी टेलिव्हिजनसाठी पटकथा लिहायला शिकवते. उदाहरण म्हणून या मालिकेचे भाग वर्गात पुन्हा पुन्हा लावले आहेत. नवा प्रेक्षक कुठल्या भागावर खुर्चीत पुढे सरकतो आणि कुठल्या भागावर मोबाइल काढतो, हे डोळ्यांनी बघितलं आहे. त्या अनुभवावर हे उत्तर देते.

पहिल्या भागापासून सुरू करू नका. तुमचा कंटाळा खरा आहे आणि तो तुमच्या रसिकतेचा दोष नाही. ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी वाहिनीवर जो भाग पहिला म्हणून दाखवला गेला, तो ‘द मॅन ट्रॅप’, मुळात पहिला म्हणून लिहिलेलाच नव्हता. वाहिनीला सुरुवातीलाच एखादा अंगावर येणारा परग्रही प्राणी हवा होता, म्हणून तो पुढे काढला. जो खरोखर आधी बनवला होता, तो तिसऱ्या आठवड्यात दाखवला. त्यामुळे त्या वेळच्या प्रेक्षकाने दोन आठवडे डॉक्टर मकॉयला बघितलं आणि तिसऱ्या आठवड्यात जहाजावर भलताच डॉक्टर उभा होता, गणवेशही वेगळे, आणि संदेशवहन अधिकारी उहुरा तर नव्हतीच. त्याहून आधीचा एक भाग होता, ‘द केज’. त्यात मालिकेचा नायक कॅप्टन कर्क नाही, ख्रिस्तोफर पाइक नावाचा कॅप्टन आहे. एनबीसीने तो नाकारला आणि दुसरा प्रायोगिक भाग बनवायला सांगितला, जे त्या काळात सहसा घडत नसे. नाकारलेल्या भागातली दृश्यं पुढे पहिल्याच पर्वात एका दोन भागांच्या कथेत वापरून टाकली. म्हणजे ज्या क्रमाला आपण पवित्र मानून बसतो, तो मालिका बनवणाऱ्यांनीसुद्धा पाळला नव्हता.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. तेव्हा घरोघरी व्हिडिओ रेकॉर्डर नव्हते. चुकलेला भाग चुकलाच. त्यामुळे प्रत्येक भाग स्वतंत्र लिहिला जाई: सुरुवातीच्या चार-पाच मिनिटांत पेच, शेवटी उकल, आणि पुढच्या आठवड्यात जहाज पुन्हा नव्या ताऱ्याकडे. तीन पर्वं आणि ७९ भाग झाल्यावर १९६९ मध्ये मालिका बंद पडली. दुसऱ्या पर्वानंतरच ती बंद व्हायची होती, पण प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडला आणि तिसरं पर्व मिळालं, तेही शुक्रवारी रात्री दहाचं, तरुण प्रेक्षक घरी नसतात अशा वेळेचं. खरी लोकप्रियता आली ती त्यानंतर, सत्तरच्या दशकात, अमेरिकेतल्या स्थानिक केंद्रांवर जुने भाग पुन्हा पुन्हा दाखवले जाऊ लागले तेव्हा. ज्यांनी या मालिकेला डोक्यावर घेतलं, त्यांच्यातल्या पुष्कळांनी ती अशीच, मधूनच, उलटसुलट बघितली. तुम्हीही तसं करायला मोकळे आहात.

मग नेमकं काय शोधायचं? या मालिकेत अंतराळयान आहे, लढाया आहेत, टोकदार कानांचा स्पॉक आहे. पण नवख्या माणसाला धरून ठेवणारी गोष्ट वेगळीच आहे. जहाजावर एक बैठकीची खोली आहे. लांब टेबल, भोवती सात-आठ अधिकारी. बाहेर काहीतरी भयंकर किंवा अनाकलनीय उभं आहे आणि कॅप्टन विचारतो, तुमचं मत काय? मग आपापल्या कामात तरबेज असलेली माणसं एकमेकांचा आदर ठेवून कडाडून वाद घालतात. कॅप्टन सगळं ऐकून निर्णय देतो आणि त्या निर्णयाची किंमत मोजतो. माझ्या मते स्टार ट्रेकचा प्राण त्या खोलीत आहे. ज्या भागात हा वाद खरा असतो तो भाग साठ वर्षांनीही ताजा वाटतो. जिथे तो खोटा असतो तिथे कितीही नेत्रदीपक स्फोट झाले तरी भाग कोरडाच जातो. भाग निवडताना हीच कसोटी मी लावते.

हा वाद या मालिकेत एवढा का रुजला, याचं कारण लेखनाच्या एका जाचक नियमात आहे. मालिकेचे जनक जीन रॉडेनबेरी यांचा आग्रह होता की भविष्यातली माणसं क्षुद्र हेवेदावे ओलांडून गेलेली असतील. १९८७ मध्ये ‘द नेक्स्ट जनरेशन’ ही नंतरची मालिका सुरू झाली तेव्हा त्यांनी हा नियम फार कडक केला: जहाजावरच्या माणसांमध्ये आपसांत भांडणं नकोत. पटकथालेखकाला हे ऐकून धडकीच भरते, कारण नाट्य संघर्षावर चालतं. पहिल्या दोन पर्वांत कितीतरी लेखक आले आणि गेले. पण ज्यांनी तो नियम पचवला, त्यांना एक वाट सापडली. माणसं भांडणार नसतील, तर त्यांच्यासमोर असा प्रश्न ठेवायचा की दोन चांगल्या, प्रामाणिक माणसांची उत्तरं वेगळी यावीत. अपमान, मत्सर, गैरसमज ही स्वस्त हत्यारं काढून घेतल्यावर तत्त्वाचा वाद तेवढा उरला. वर्गात मी हे नेहमी सांगते, कारण मर्यादेतून शैली कशी जन्माला येते याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित सापडतं. मूळ मालिकेतलं ट्रान्सपोर्टर यंत्रही असंच आलं. दर आठवड्याला जहाज ग्रहावर उतरवून दाखवायला पैसे परवडणार नव्हते, म्हणून माणसं झगमगाटात विरघळून थेट खाली पोचू लागली. त्यामुळे कथेचा वेगही वाढला: दुसऱ्या मिनिटाला पात्रं पेचाच्या मध्यभागी.

आता प्रत्यक्ष भाग. सर्वांत आधी ‘द नेक्स्ट जनरेशन’च्या दुसऱ्या पर्वातला ‘द मेजर ऑफ अ मॅन’ लावा, १९८९ सालचा. डेटा नावाचा एक अधिकारी आहे. तो यंत्रमानव आहे, पण जहाजावर सगळे त्याला सहकारी मानतात. एक शास्त्रज्ञ येतो आणि म्हणतो, याला उघडून अभ्यास करायचा आहे, यासारखे आणखी बनवायचे आहेत. डेटा नकार देतो. मग प्रश्न उभा राहतो की नकार द्यायचा हक्क त्याला आहे का, की तो स्टारफ्लीट या अंतराळदलाच्या मालकीची वस्तू आहे? सुनावणी होते. तळावर पुरेशी माणसं नाहीत, म्हणून डेटाच्या विरोधात बाजू मांडायचं काम त्याचाच मित्र रायकर याच्यावर येतं. त्याने कामात हयगय केली तर सुनावणीच होणार नाही आणि निकाल आपोआप डेटाच्या विरोधात जाईल. रायकरला ते काम चोख करावंच लागतं, आणि तो ते करतो. भागाची सुरुवात पोकरच्या डावाने होते, पुढे जवळपास सगळं खोल्यांमध्ये, बोलण्यातून घडतं. लेखिका मेलिंडा स्नॉडग्रास पूर्वी वकिली करत असत आणि ते जाणवतं; युक्तिवाद नाटकी भाषणांचे नाहीत, पायरी पायरीने चढणारे आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आज जी चर्चा चालू आहे, तिच्या नेमक्या मध्यावर हा भाग बसतो. बघून झाल्यावर तुमच्या मनात प्रश्न घोळत राहिला, तर ही मालिका तुमची आहे. अजिबात नाही घोळला, तर जबरदस्ती करू नका. दुसरं काही छान बघा.

त्यानंतर मागे जा, मूळ मालिकेकडे, ‘बॅलन्स ऑफ टेरर’. डिसेंबर १९६६. सीमेवरच्या चौक्या उद्ध्वस्त होत आहेत आणि करणारं जहाज अदृश्य होऊ शकतं. पुढचा सगळा भाग म्हणजे पाणबुड्यांच्या युद्धासारखा आंधळा पाठलाग. दोन कॅप्टन, एकमेकांना न भेटलेले, एकमेकांची चाल ओळखत जातात आणि हळूहळू आदर करू लागतात. यात बैठकीच्या खोलीतलं एक दृश्य आहे, ते नीट बघा. हल्ला करावा की नको? मकॉय जीव तोडून सांगतो, युद्ध पेटवू नका. हल्ल्याच्या बाजूने बोलतो तो स्पॉक, सगळ्यांत शांत माणूस. आणि त्याच वेळी जहाजावरचा एक अधिकारी स्पॉककडे संशयाने बघतो आहे, कारण शत्रूचा चेहरा स्पॉकसारखा आहे. चेहऱ्यावरून माणसाची निष्ठा ठरवणं हा विषय शीतयुद्ध ऐन भरात असताना, दुसऱ्या महायुद्धाला एकवीस वर्षं झाली असताना, मनोरंजनाच्या वेळेत या लोकांनी हाताळला. शत्रू कॅप्टनची भूमिका मार्क लेनार्डने केली आहे. पुढच्या वर्षी तोच नट स्पॉकचा बाप म्हणून ‘जर्नी टू बेबल’मध्ये येतो आणि तोही भाग बघण्याजोगा आहे.

तिसरा, ‘डीप स्पेस नाइन’ या आणखी एका मालिकेतला ‘डुएट’, १९९३. इथे थोडी पार्श्वभूमी लागते. बजोर नावाच्या ग्रहावर कार्डेशियन लोकांनी अनेक दशकं ताबा ठेवला, श्रमछावण्या चालवल्या. आता ते गेले आहेत. बजोरच्या मुक्तिलढ्यातली माजी सैनिक मेजर कीरा अंतराळस्थानकावर अधिकारी आहे. एक कार्डेशियन प्रवासी येतो आणि त्याच्या आजारावरून कळतं की तो त्या छावण्यांपैकी एकीत होता. तो कोण आहे? तिथे काय करत होता? भागाचा बराचसा वेळ दोन माणसं कोठडीच्या अलीकडे-पलीकडे उभी राहून बोलतात. नॅना व्हिजिटर आणि पाहुणा नट हॅरिस युलिन यांचा अभिनय एवढा टोकाचा आहे की मी वर्गात या भागानंतर लगेच चर्चा ठेवत नाही. शेवटाबद्दल काहीही वाचू नका.

हे तीन बघितल्यावर तुम्हाला तीन मालिकांची चव कळलेली असेल. पुढचा मुख्य मुक्काम मी ‘द नेक्स्ट जनरेशन’मध्ये करायला सांगेन, पण तिसऱ्या पर्वापासून. ओळख सोपी आहे: कलाकारांचे गणवेश अंगाला चिकटलेल्या एकसंध कपड्याचे असतील तर ते पहिलं किंवा दुसरं पर्व, उभी कॉलर आणि वर-खाली दोन तुकड्यांचा गणवेश मुख्य कलाकारांच्या अंगावर दिसला की तिसरं पर्व सुरू झालं. तेव्हाच मायकेल पिलर लेखनाचे प्रमुख झाले. त्यांनी दोन गोष्टी केल्या. प्रत्येक भाग एखाद्या पात्राच्या आतल्या प्रश्नाशी बांधला, आणि बाहेरच्या, अनोळखी लेखकांच्या पटकथा वाचायला दार उघडलं. त्या दारातून रोनाल्ड मूर आले, जे पुढे या मालिकेच्या उत्तम लेखकांपैकी एक झाले. व्यावसायिक टेलिव्हिजनमध्ये असं दार फार थोड्यांनी उघडं ठेवलं आहे.

तिसऱ्या पर्वात ‘यस्टरडेज एंटरप्राइज’ आहे, ‘हू वॉचेस द वॉचर्स’ आहे आणि शेवटी ‘द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स’चा पूर्वार्ध. जून १९९० मध्ये तो अशा जागी थांबला की प्रेक्षक अख्खा उन्हाळा अस्वस्थ राहिले. उत्तरार्ध सप्टेंबरमध्ये आला. तुम्हाला पुढचा भाग एका बटणावर मिळेल, तरी एक रात्र जाऊ द्या. आणि उत्तरार्धानंतरचा ‘फॅमिली’ चुकवू नका. त्यात अंतराळातली मोहीम नाहीच. या मालिकेचा कॅप्टन पिकार्ड फ्रान्समधल्या गावी, भावाच्या द्राक्षमळ्यावर जातो. आदल्या दोन भागांत त्याच्यावर जे गुदरलं, त्याचं ओझं तो तिथे उतरवतो. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या मालिकांमध्ये नायकाला झालेली जखम पुढच्या आठवड्यात भरून गेलेली असे. इथे ती भरलेली नाही हे दाखवायला त्यांनी पूर्ण भाग दिला.

एका भागाबद्दल मुद्दाम सावध करते. ‘द इनर लाइट’, १९९२, विज्ञानकथेसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळालेला. जिथे तिथे याचं नाव पहिलं सुचवलं जातं. भाग अप्रतिम आहे, पण पहिल्यांदा बघू नका. पिकार्ड किती एकटा आहे, घर-संसाराला त्याने किती दूर ठेवलं आहे, हे तुम्हाला आधी पन्नासेक भागांमधून ठाऊक असायला हवं. तरच तो भाग काळजाला भिडतो. आधी बघितलात तर ती एक सुंदर कथा ठरेल, एवढंच. हाच सल्ला ‘डीप स्पेस नाइन’च्या ‘इन द पेल मूनलाइट’बद्दल: कॅप्टन सिस्कोला चांगला ओळखू लागल्यावरच.

‘डीप स्पेस नाइन’ (१९९३ ते १९९९) हा मात्र अपवाद, जो निदान उत्तरार्धात क्रमाने बघायला हवा. जहाज निघून जातं, स्थानक जागेवर राहतं. त्यामुळे केलेल्या कृतीचे परिणाम पुढच्या आठवड्यात दारात उभे असतात. तेव्हा वाहिन्यांना सलग कथा नको असत, कारण स्थानिक केंद्रं भाग मागे-पुढे दाखवत. तरी लेखनप्रमुख आयरा स्टीव्हन बेअर आणि त्यांच्या लेखकांनी पाचव्या पर्वाच्या शेवटापासून एक मोठं युद्ध उभं केलं आणि सहाव्या पर्वाचे पहिले सहा भाग सलग एका कथेत गुंफले. ‘फार बियाँड द स्टार्स’ हा १९९८ सालचा भाग, सिस्कोची भूमिका करणाऱ्या एव्हरी ब्रुक्सनेच दिग्दर्शित केलेला, पन्नासच्या दशकातल्या न्यूयॉर्कमधल्या एका कृष्णवर्णीय विज्ञानकथा लेखकाबद्दल आहे. एक कृष्णवर्णीय कॅप्टन कल्पनेतसुद्धा छापायला जे तयार नव्हते, त्यांच्याबद्दल हा भाग बोलतो, आणि बोलणारा नट त्या वेळी टेलिव्हिजनवर तोच कॅप्टन होता. मला या सगळ्या विश्वातला सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो.

बाकीच्या मालिकांचं थोडक्यात. ‘व्हॉयेजर’ (१९९५ ते २००१): जहाज घरापासून ७०,००० प्रकाशवर्षं दूर फेकलं जातं, परतायला ७५ वर्षं लागणार. कल्पना उत्तम, पण तिची झळ फार वेळा विसरली जाते; दर आठवड्याला जहाज पुन्हा कोरंकरकरीत. एकेकटे बघितलेले काही भाग मात्र देखणे आहेत. ‘ब्लिंक ऑफ अ‍ॅन आय’ जरूर बघा. जहाज एका ग्रहाच्या कक्षेत अडकतं, ग्रहावर काळ प्रचंड वेगाने धावतो आहे, आणि खालची संस्कृती आकाशातल्या त्या ‘ताऱ्या’कडे बघत पिढ्यानपिढ्या वाढते. ‘लिव्हिंग विटनेस’ही बघा, इतिहास कोण लिहितो यावर इतकं नेमकं क्वचितच लिहिलं गेलं आहे. ‘एंटरप्राइज’ (२००१ ते २००५) घाईने बघण्याची गरज नाही. नव्या काळातली ‘डिस्कव्हरी’ (२०१७ ते २०२४), एकसलग कथेची. भव्य आहे, पण बैठकीच्या खोलीला तिच्यात वेळ कमी. ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ २०२२ पासून, आणि ती मला फार आवडते. आठवड्याला एक स्वतंत्र कथा हा जुना साचा तिने परत आणला. तिचा कॅप्टन कोण, तर पाइक, म्हणजे साठच्या दशकात नाकारलेल्या त्या पहिल्या भागातला. जुनं चित्रण बघणं अगदीच जड जात असेल, तर इथून आत शिरा. चित्रपटांमध्ये सध्या एकच लक्षात ठेवा: मूळ मालिकेतला ‘स्पेस सीड’ बघा आणि लगेच १९८२ चा ‘द रॅथ ऑफ खान’. तोच खलनायक, तोच नट रिकार्डो मॉन्टालबान, मध्ये पंधरा वर्षं गेलेली.

सगळ्या मालिका मिळून नऊशेहून अधिक भाग होतात. ते संपवायचे नाहीत. संपवायच्या हिशेबाने बघायला घेतलेल्या मालिकेचा आनंद पहिल्या पन्नासात आटतो.

चित्राच्या दर्जाबद्दल विचारणारे पुष्कळ भेटतात, म्हणून सांगते. मूळ मालिका २००६ पासून नव्याने स्वच्छ केली गेली आणि अंतराळातली दृश्यं संगणकावर पुन्हा बनवली. ‘द नेक्स्ट जनरेशन’ २०१२ पासून मूळ ३५ मिमी निगेटिव्हवरून पुन्हा जुळवली गेली, म्हणून ती आज लख्ख दिसते. ‘डीप स्पेस नाइन’ आणि ‘व्हॉयेजर’चं छायाचित्रण फिल्मवरच झालं, पण संकलन आणि दृश्यपरिणाम व्हिडिओ टेपवर केले गेले. अख्खी मालिका पुन्हा जुळवायचा खर्च कोणी केलेला नाही. त्यामुळे त्या धूसर दिसतात. तुमच्या टीव्हीत किंवा जोडणीत बिघाड नाही. थोडा लहान पडदा वापरलात तर ते कमी खुपतं.

विज्ञान कळावं लागत नाही. एवढंच माहीत असू द्या: सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, ४.२ प्रकाशवर्षांहून थोडा अधिक लांब आहे. प्रकाशाच्या वेगाने गेलं तरी चार वर्षं. कथा एका आठवड्यात संपवायची तर त्याहून वेगवान वाहन हवं, म्हणून ‘वॉर्प’. जहाज अवकाशातून धावत नाही, अवकाशच आखडतं-पसरतं, अशी कल्पना. १९९४ मध्ये मिगेल अल्कुबिएरे या भौतिकशास्त्रज्ञाने सापेक्षतावादाच्या गणितात बसणारा असा एक आराखडा खरोखर मांडला, आणि शोधनिबंधाच्या शीर्षकात वॉर्प ड्राइव्ह हेच शब्द वापरले. मात्र त्यासाठी लागणारी ऋण ऊर्जा त्या प्रमाणात मिळवण्याचा मार्ग कोणाला ठाऊक नाही. अभियंते घडाघडा तांत्रिक संज्ञा बोलू लागले की त्या समजून घ्यायला थांबू नका. चांगल्या भागात त्या संज्ञांच्या मागे एक साधं वाक्य असतं: अमुक केलं तर जहाज वाचेल, पण तमुक माणूस मरेल. ते वाक्य पकडा. परग्रहवासी बहुधा माणसांसारखेच का, तर नटांना रंगभूषा करणं शक्य होतं म्हणून. ‘द नेक्स्ट जनरेशन’मधल्या ‘द चेस’ या १९९३ च्या भागात त्याचं कथेतलं कारणही दिलं आहे.

जे खटकेल तेही आधीच सांगते. मूळ मालिकेत स्त्रियांचे गणवेश तोकडे आहेत आणि बहुतेकींच्या वाट्याला दोन ओळी. उहुराची भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्सना पहिल्या पर्वानंतर मालिका सोडायची होती. मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना थांबायला सांगितलं, असं त्या सांगत असत. सत्तरच्या दशकात त्यांनी नासासाठी स्त्रिया आणि अल्पसंख्याकांना अंतराळवीर व्हायला बोलावण्याचं काम केलं. अंतराळात गेलेल्या पहिल्या आफ्रिकी-अमेरिकी स्त्री मे जेमिसन यांनी पुढे ‘द नेक्स्ट जनरेशन’च्या एका भागात छोटी भूमिकाही केली. मालिकेने जे दाखवलं आणि जे दाखवायला ती कचरली, दोन्ही खरं आहे. ‘द नेक्स्ट जनरेशन’च्या पहिल्या पर्वातला ‘कोड ऑफ ऑनर’ सरळ टाळा; कृष्णवर्णीयांचं त्यातलं चित्रण अपमानास्पद आहे आणि खुद्द कलाकारांनीही त्यावर टीका केली आहे. दुसऱ्या पर्वाचा शेवटचा भाग ‘शेड्स ऑफ ग्रे’ही टाळा. जुन्याच दृश्यांचे तुकडे चिकटवून पैसे वाचवलेले आहेत. १९८८ च्या लेखकांच्या संपामुळे ते पर्व आधीच तोकडं झालं होतं.

राहिला मुलीचा प्रश्न. बारा वर्षं हे वय या मालिकेसाठी उत्तम आहे, फक्त दार वेगळं. मूळ मालिकेतल्या ‘द ट्रबल विथ ट्रिबल्स’ने सुरुवात करा, गुबगुबीत प्राण्यांनी जहाज भरून जातं आणि घरभर हशा पिकतो. मग तिथलाच ‘द डेव्हिल इन द डार्क’: खाणीत कोणीतरी प्राणी कामगारांना मारतो आहे, सगळे त्याला मारायला निघतात. भागाच्या मध्यावर थांबवून तिला विचारा, तो प्राणी असं का करत असेल? ती काय अंदाज बांधते ते ऐका. तिला एकटीने एखादी मालिका बघायची असेल तर ‘प्रॉडिजी’. ती अ‍ॅनिमेटेड आहे आणि तिच्यातल्या मुलांना फेडरेशन (ग्रहांचं संघराज्य), स्टारफ्लीट यांतलं काहीच माहीत नसतं, त्यामुळे नव्या प्रेक्षकाला सगळं त्यांच्यासोबतच कळत जातं. ‘लोअर डेक्स’ही अ‍ॅनिमेटेड आहे, पण ती मोठ्यांसाठी, शिव्या आणि रक्त दोन्ही आहे, आणि तिचे विनोद जुन्या मालिका बघितलेल्यांनाच पूर्ण लागतात. ‘पिकार्ड’ या मालिकेत काही दृश्यं फार क्रूर आहेत, आणि ‘द नेक्स्ट जनरेशन’च्या ‘चेन ऑफ कमांड’ या दोन भागांत छळाचं सविस्तर चित्रण आहे. ते तुम्ही आधी एकट्याने बघा, मग ठरवा.

शेवटचं, वेग. हे भाग आठवड्याला एक, वर्षाला पंचवीस-सव्वीस असे बनले. एका बैठकीत पाच बघितले तर प्रत्येक भागाचा सांगाडा उघडा पडतो: पेच, बैठक, चूक, उकल. आठवड्याला दोन किंवा तीन पुरे. मधल्या दिवसांत, विशेषतः मुलीसोबत बघत असाल तर, कॅप्टनने जो निर्णय घेतला तो तुम्ही घेतला असता का यावर बोलणं होऊ द्या. सुरुवातीचे तीन आणि ‘द नेक्स्ट जनरेशन’च्या तिसऱ्या पर्वातले दहाएक भाग झाले की मला कळवा. बैठकीच्या खोलीत तुमचं मत कोणाशी जुळत होतं, डेटाशी, पिकार्डशी, कीराशी, की स्पॉकशी, तेही लिहा. पुढचे भाग मी त्यावरून सुचवेन.